लोहचुंबक जुना, बाकी सगळं नवं

आजचा भाग आजीपासून सुरू करतो. लोधिवलीच्या आमच्या घरी ती मला अधूनमधून माझ्या काकाच्या नावानं हाक मारायला लागली, तेव्हा तिला पनवेलला एमआरआयला नेलं. मेंदू आकसलाय, वयानुसार वाढत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. आजीनं सरळ विचारलं, "एवढं आतलं दिसतंय, मग औषध का नाही?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. उत्तर नव्हतं, म्हणून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता थेट १९५१ मध्ये पोचलो.

त्या साली अमेरिकेत स्टॅनफर्डला तिघांनी एक छोटासा शोधनिबंध छापला: अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. त्यांनी साधं इथाइल अल्कोहोल चुंबकात ठेवलं होतं. हायड्रोजनचा एकच संदेश यायला हवा होता, आले तीन शिखरं, ३:२:१ या प्रमाणात. म्हणजे अणूच्या शेजारी कोण बसलंय हे चुंबकाला कळत होतं! रसायनशास्त्रातल्या एनएमआरचा पाया तिथे घातला गेला. यातले एस. एस. धर्मट्टी पुढे होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये आले आणि १९५० च्या दशकात त्यांनी मुंबईत एनएमआरचा गट उभा केला. सी. एल. खेत्रपाल त्याच गटातले. त्यांनी नंतर लखनौला जैववैद्यकीय चुंबकीय अनुनादाचं केंद्र काढलं.

१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी याच संदेशातून चित्र काढून दाखवलं, आणि एमआरआय जन्माला आलं. नोबेल मात्र २००३ मध्ये, मॅन्सफिल्ड यांच्यासोबत. इकडे १९८३ मध्ये टीआयएफआरला ५०० मेगाहर्ट्झचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, म्हणजे ११.७ टेस्ला. दवाखान्यातली यंत्रं साधारण १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. स्टॅनफर्डचा तो चुंबक तर एक टेस्लाचाही नव्हता.

आता आजीच्या प्रश्नाकडे. औषध आधी उंदरावर बघतात. पूर्वी मेंदूत काय फरक पडला हे बघायला दर टप्प्याला वेगळे उंदीर मारावे लागत. एमआरआयमुळे तोच उंदीर महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा तपासता येतो. पण मेंदू केवढा? जेमतेम दीड सेंटिमीटर. माणसात एक मिलिमीटरचा चौकोनी ठिपका चालतो, उंदरात तो ०.१ मिलिमीटरचा लागतो. बाजू दहापट लहान, म्हणजे ठिपक्यातलं पाणी हजारपट कमी, आणि संदेशही तेवढाच बारीक. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढू म्हणाल, तर सुधारणा वर्गमुळाच्या हिशेबानं होते. हजारपट भरून काढायला दहा लाख वेळा मोजा! तोवर उंदीर म्हातारा. म्हणून अशा यंत्रांना ४.७, ७, ९.४ टेस्लाचे चुंबक लागतात. दिल्लीच्या एम्समध्ये ४.७ टेस्लाचं प्राण्यांसाठीचं यंत्र आहे.

आणि आता माझ्या आवडीची गोष्ट: अपग्रेड. यातला महागडा चुंबक म्हणजे उणे २६९ अंशाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली तारेची गुंडाळी. एकदा वीज सोडली की ती आत वर्षानुवर्षं फिरत राहते. थंड ठेवा, तो म्हातारा होत नाही. म्हातारी होते भोवतालची इलेक्ट्रॉनिक्स. कार्ड मिळत नाहीत, आणि संगणक असा की त्याची सिस्टीम आज कुणी शिकतही नाही. (आमच्या कंपनीतही असा एक सर्व्हर आहे, त्याला हात लावायला सगळे घाबरतात.) मग चुंबक जागच्या जागी ठेवून बाकीचं बदलतात: डिजिटल रिसीव्हर, जास्त ताकदीचे ग्रेडियंट, एकाऐवजी चार-आठ वाहिन्यांच्या कॉइल. कधी कॉइलच थंड करतात, म्हणजे तिचा स्वतःचा गोंगाट कमी होतो. टेस्ला तेवढाच, चित्र मात्र कितीतरी स्वच्छ.

चुंबक हलवणं जिकिरीचं. त्याची अतिवाहकता सुटली तर हेलियम उकळून सातशेपट फुगतं आणि निघून जातं, आणि भारतात हेलियम जवळपास सगळं आयात. शिवाय जवळून लोखंड गेलं तरी क्षेत्र डळमळतं. आमच्यासमोरच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून पाताळगंगेकडे कंटेनर जातो तेव्हा मांडणीतली भांडी वाजतात. इथे ९.४ टेस्ला ठेवायचा विचार कुणी करू नये.

मला खटकतं ते एवढंच. ज्या देशात धर्मट्टींनी १९५० च्या दशकात सुरुवात केली, तिथे माणसांसाठीचं १.५ टेस्लाचं स्वदेशी यंत्र घडायला कित्येक दशकं लागली. पवईला आयआयटीच्या आवारातल्या समीर या संस्थेनंही त्यावर काम केलं. उंदरांची यंत्रं आपण बाहेरूनच आणत आलो.

हे सगळं आजीला सांगितलं. उंदराचं ऐकून ती हसली. "म्हणजे आधी त्याला आठवायला लागणार होय?" म्हणाली, आणि मला परत काकाच्या नावानं हाक मारून चहा टाकायला सांगितलं.