तराजूतले वीस रुपये

साल 1900, भर उन्हाळा. अहमदनगरकडच्या एका बाजारगावात तुम्ही सराफाच्या ओट्यावर बसला आहात. गेल्या साली पावसाने दडी मारली, बैल विकून झाले, आता धोतराच्या सोग्यात बायकोचे तोडे आहेत. सराफ ते तराजूच्या एका पारड्यात टाकतो. दुसऱ्या पारड्यात वजन म्हणून राणीछाप रुपये पडू लागतात. रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 180 ग्रेन. विसावा रुपया पडतो आणि काटा मधोमध स्थिरावतो.

मग सराफ त्याच विसांतले बारा रुपये उचलतो, वर आठ आणे ठेवतो आणि तुमच्यापुढे सरकवतो.

"शेठ, भारोभार वीस भरले की!"

"भरले, पाटील. पण चांदी आता तोळ्याला दहा आण्यांवर जात नाही. माझ्याकडून घेणाराही पुढे तेवढंच देतो."

चांदी दोन्ही पारड्यांत आहे. रुपयात तर बाराव्या हिश्श्याचं हीणसुद्धा आहे. तरीही राणीचा मुखवटा असलेल्या तुकड्याला सोळा आणे आणि पायातल्या तोड्यांना दहा. सराफाने तुम्हाला लुबाडलेलं नाही, भाव खरोखर तेवढाच आहे. तोडे उचला, सोग्यात बांधा आणि माझ्याबरोबर मागे चला.

26 जून 1893, सोमवार, सिमला. व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या कायदेमंडळात अर्थखात्याचे सर डेव्हिड बार्बर एक विधेयक मांडतात आणि ते त्याच बैठकीत संमत होतं. आजवर मुंबई किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत कुणीही चांदी घेऊन जायचा आणि थोडा आकार भरून रुपये पाडून घ्यायचा. आजपासून ती वाट बंद. रुपये पाडायचे की नाही, हे यापुढे एकटं सरकार ठरवणार. रुपये मुद्दाम तुटपुंजे ठेवायचे आणि त्यांची किंमत 16 पेन्सांपर्यंत चढवायची, म्हणजे सोन्याचं एक सॉव्हरिन 15 रुपयांना, हे धोरण. ती किंमत गाठायला 1898 उजाडतं. चांदी मात्र लंडनच्या बाजारात काही दिवसांतच कोसळते. तुमच्या तोड्यांची आणि रुपयाची ताटातूट झाली ती इथे, ज्या सभागृहात तुमच्या तालुक्याचं नावही निघालं नाही.

हे का केलं, ते पाहायला आणखी थोडं मागे, 1892 च्या लंडनमध्ये या. बुधवार आहे. बँक ऑफ इंग्लंडमध्ये भारतमंत्र्यांच्या हुंड्या, म्हणजे कौन्सिल बिलं, विकायला निघाल्या आहेत. कापूस किंवा ताग घेणारा इंग्रज व्यापारी इथे पौंड भरतो, आणि त्याचा माणूस मुंबई-कलकत्त्याच्या सरकारी खजिन्यातून रुपये उचलतो. ते रुपये तुमच्या शेतसाऱ्याचे, तुमच्या मिठावरच्या कराचे. इथे जमलेल्या पौंडांतून निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं जातात, रेल्वेच्या भांडवलावरचं व्याज जातं, इंग्रज फौजेचा खर्च भागतो. यालाच 'होम चार्जेस' म्हणतात.

या खर्चाचे आकडे जरा सावकाश वाचा. 1892-93 मध्ये पाठवायचे होते सुमारे 1 कोटी 65 लाख पौंड. रुपयाचा सरासरी दर 15 पेन्सांच्याही किंचित खाली, म्हणून त्यासाठी सुमारे 26 कोटी 48 लाख रुपये लागले. 1873-74 चा 22 पेन्सांच्या वरचा दर टिकला असता, तर 17 कोटी 75 लाखांत भागलं असतं. पावणेनऊ कोटींची ही तफावत याच चलनप्रश्नावर नेमलेल्या हर्शेल समितीने स्वतःच्या अहवालात मांडली आहे. दर घसरला त्याचं कारण भारतात नव्हतं. जर्मनी सोन्याच्या चलनाकडे वळली, युरोपातल्या इतर टाकसाळींनीही चांदीला दारं लावली, आणि नेव्हाडाच्या खाणींतून चांदी बाहेर पडतच राहिली. पण तूट भरायची भारताने. 1888 साली मिठाचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, त्यामागे विनिमयातली ही तूटही होती.

म्हणून सरकारला रुपया वर हवा होता. ती अडचण खरी होती, हे मान्य करू. पण 1893 मध्येच युरोपीय अधिकाऱ्यांना घसरलेल्या विनिमयाबद्दल भरपाईचा भत्ता मंजूर झाला आणि तोडे-वाक्या-गोठ जपून ठेवणाऱ्या घरांना छदामही मिळाला नाही, याचा राग आजही येतो, यायलाच हवा. दादाभाई नौरोजींनी 1898 च्या चलन समितीपुढे टाकसाळी बंद करण्याला लेखी विरोधही केला.

शेवटचा टप्पा, 1877. पुन्हा दुष्काळच, पण तुम्ही उभे आहात मुंबईच्या टाकसाळीत, टाउन हॉलशेजारी. दख्खनमधल्या सराफांनी धाडलेल्या पेट्या उघडतात. आत वाळे, साखळ्या, कमरपट्टे, कुणाचे कुणास ठाऊक. कारकून वजन करतो, कस पाहतो, दोन टक्क्यांच्या आसपास आकार कापतो, आणि बाकीच्याचे बंदे रुपये होतात. सराफाला हे ठाऊक असल्यामुळे गावात तो फार कमी देऊ शकत नाही. तुमच्या विसांचे इथे अठरा-एकोणीस तरी येतात. दागिना गेल्याचं दुःख तेच, पण त्यातून हाती येणारे रुपये जवळजवळ दीडपट.

आता पुढे चला. 1923 साली लंडनमध्ये भीमराव आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा तुमच्या नातवाची पिढी मुंबईच्या गिरण्यांत पोचली होती. रुपयाचा दर पडला की किमती आधी चढतात आणि मजुरी मागून रेंगाळते, तेव्हा व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून येतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. रुपयाने परदेशात किती पेन्स मिळतात याआधी घरात त्याने काय विकत येतं ते पाहा, हा त्यांचा आग्रह. 1925 मध्ये भारताच्या चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. तिथला सगळा वाद मात्र 16 पेन्स की 18 याच्याभोवती फिरत राहिला. 16 साठी आयोगाचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्नमतपत्रिका जोडली. 1927 च्या कायद्याने 18 पेन्स ठरले, पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै, आणि पौंडाचा तो भाव जून 1966 पर्यंत हलला नाही.