पारोळ्याचा दावेदार आणि पडद्यावरची झाशी

राज्य गमावलेल्या राजघराण्यावर एखादा चित्रपट किंवा मालिका आली की आपल्याकडचे वाद बहुधा दागिन्यांपाशी आणि नृत्यांपाशी घुटमळतात. नथ त्या काळची होती काय, राणी दरबारात नाचली असेल काय, असे प्रश्न विचारून आपण पडद्याचा हिशेब चुकता करतो. आम्हांला वाटते, ऐतिहासिक सत्याची कसोटी याहून अवघड आहे. घराणे म्हणून पडद्यावर कोणाला उभे केले, कोणाला वगळले आणि ज्याला वगळता आले नाही त्याला कोणती भूमिका दिली, हे पाहिले पाहिजे. झाशीच्या नेवाळकरांचे उदाहरण यासाठी घेण्याजोगे आहे. कारण या घराण्याची एक शाखा आमच्या खानदेशात, पारोळ्यात नांदत होती.

नेवाळकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. पेशवाईच्या विस्ताराबरोबर कोकणातली जी घराणी घाट चढून वर आली, त्यांतले हे एक. धुळे-जळगाव रस्त्यावरील पारोळा ही त्यांची जहागीर. तेथील भुईकोट हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 साली बांधल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. पुढे 1770 च्या सुमारास रघुनाथ हरी नेवाळकर झाशीचे सुभेदार झाले आणि घराण्याचे भाग्य बुंदेलखंडात उजळले. तरी खानदेशचा धागा तुटला नव्हता. झाशीच्या गादीचा प्रश्न निघाला की पारोळ्याच्या भाऊबंदांनाही आपला हक्क आठवत असे.

पडद्याने या घराण्याकडे वारंवार पाहिले आहे. सोहराब मोदींचा 'झाँसी की रानी' 1953 साली आला. रंगीत चित्रीकरणासाठी परदेशातून तंत्रज्ञ आणले गेले, अमाप पैसा ओतला गेला, आणि चित्रपट कोसळला. राणीच्या भूमिकेत मेहताब होत्या. खुद्द मोदी राजगुरू झाले होते. 2009 ते 2011 या काळात झी टीव्हीच्या मालिकेने राणीला घरोघरी नेले. त्यानंतर 2019 च्या जानेवारीत 'मणिकर्णिका' प्रदर्शित झाला. या चित्रपटातील सदाशिव नावाच्या पात्राकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे. तो गंगाधररावांचा भाऊबंद. इंग्रजांशी संधान बांधणारा, आपल्याच घराच्या मुळावर उठलेला घरभेदी.

या नावाचा माणूस इतिहासात आहे. सदाशिवराव नारायण हा पारोळ्याच्या शाखेतला. मात्र कागदपत्रांतून दिसणारी त्याची कथा पडद्यावरच्या कथेच्या जवळजवळ उलट आहे. 8 जून 1857 रोजी झाशीतील इंग्रजांची कत्तल झाली आणि शिपाई दिल्लीकडे निघून गेले. शहरात सत्ता उरली नाही, तेव्हा राणीने कारभार हाती घेतला. 12 व 14 जूनला तिने कमिशनर अर्स्किन यांना पत्रे लिहून परिस्थिती कळवली आणि जुलैच्या आरंभी त्यांनी तिला कारभार पाहण्याची मुभा दिली. त्याच जून महिन्यात सदाशिवरावाने झाशीजवळचा करेऱ्याचा किल्ला बळकावला, तेथील कंपनीचे ठाणे उठवले आणि आपण झाशीचे महाराज असल्याचे जाहीर केले. राणीने फौज पाठवली. तो शिंद्यांच्या मुलखात पळाला, पुन्हा उठला आणि अखेर झाशीच्या किल्ल्यात कैद झाला.

म्हणजे त्या क्षणी कंपनीचे ठाणे उठवणारा होता पारोळ्याचा दावेदार. आणि त्याला पकडणारी राणी, औपचारिकदृष्ट्या तरी, कंपनीच्या वतीने राज्य सांभाळत होती. यामुळे सदाशिवराव थोर ठरत नाही. त्याची नजर गादीवर होती, देशावर नव्हे. राणीही लहान ठरत नाही. चहूकडून कोंडी झालेली एक विधवा दत्तक मुलासाठी राज्य राखू पाहत होती आणि सारे मार्ग बंद होईतो तिने तलवारीखेरीज इतर मार्ग चोखाळले, हे तिच्या शहाणपणाचेच लक्षण आहे.

पटकथेला खलनायक लागतो, हे आम्हांला मान्य आहे. पण घरभेद्याची योजना केल्याने एक मोठी गोष्ट झाकली जाते. 1838 साली अनेक दावेदारांतून गंगाधररावांना निवडले ते कंपनीने. 20 नोव्हेंबर 1853 रोजी घेतलेले दत्तक 1854 मध्ये नामंजूर करून राज्य खालसा केले तेही कंपनीने. भाऊबंदकी कोणत्या घराण्यात नव्हती? तिचा निवाडा करण्याचा अधिकार परक्याच्या हाती गेला, हे झाशीच्या नाशाचे मूळ. चित्रपट दोष एका भावाच्या माथी मारतो आणि डलहौसीच्या दप्तराला त्याच्या वाट्याचा दोष चुकवू देतो.

दुसरी उणीव शेवटाची. ग्वाल्हेरजवळ जून 1858 मध्ये राणी पडली की पडद्यावरची कथा संपते. घराण्याची पडझड खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाली. दत्तक दामोदरराव रानोमाळ भटकून इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि इंदूरला तुटपुंज्या वेतनावर जगून 1906 साली वारले. पारोळ्याची जहागीर उठावानंतर जप्त झाली, किल्ला मोडण्यात आला. झाशीचा वेढा आतून पाहिलेल्या विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास' लिहून ठेवला. त्यात झाशी सोडल्यानंतरची राणी वाटेतल्या विहिरीपाशी, तहानलेली, साध्या वेषात भेटते. तटावरून घोडा उडवणाऱ्या राणीपेक्षा ही राणी आम्हांला अधिक थोर वाटते. पण कॅमेरा त्या विहिरीपाशी क्वचितच थांबतो.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1926 च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला. अस्सल कागद हाती येईपर्यंत दंतकथेवर विसंबू नये, ही शिस्त त्यांनी महाराष्ट्राला लावली. चित्रपटाने बखर व्हावे अशी आमची अपेक्षा नाही. कल्पनेला मुभा हवीच. परंतु खऱ्या माणसाचे खरे नाव घेऊन त्याला फितूर ठरवायचे असेल, तर ती मुभा कोठे संपते हा प्रश्न विचारावाच लागेल. पारोळ्याच्या बाजारपेठेला लागून उभे असलेले ते ढासळते बुरूज झाशीच्या कथेचाच एक भाग आहेत. पडद्यावर त्यांना जागा मिळो न मिळो, निदान खानदेशच्या वाचकाने तरी ती कथा त्यांच्यासकट वाचावी.