बट्टा ते सत्तर : नाणेपारखीची कुळकथा

खोपोलीला बोरघाटाच्या पायथ्याशी नाना फडणविसांनी बांधवलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे. रेल्वे येण्याआधी पनवेल बंदराचे मीठ घाटावर जायचे ते खालापूरच्या याच वाटेने. वाट एक, पैसा मात्र एक नव्हता. मुंबईकडून सुरती रुपया यायचा, पुण्याकडून अंकुशी, आंग्र्यांच्या मुलखातून अलिबागी. मध्येच चांदवडी, मल्हारशाही. म्हणायला सगळे रुपयेच, पण वजन वेगळे, चांदी वेगळी, झीज वेगळी. एका रुपयाचा हिशेब दुसऱ्यात मांडताना कापायची तूट म्हणजे बट्टा, आणि तो किती ते ठरवायचा पोतदार.

गावपातळीवर हा पोतदार बहुधा सोनारच. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने केलेल्या अहवालात गावच्या सोनाराचे हे दुसरे काम नोंदलेले आहे. शेतसाऱ्याचा रुपया तो दगडावर टाकून आवाज ऐकायचा, कडेवरून नख फिरवायचा, काट्यावर घालायचा. शंका फिटली की सराफ नाण्यावर बारीक ठसाही मारीत. पोतदाराची नजर पक्की असेल, पण तो बसायचा सरकारच्या बाजूला. रुपया हलका ठरला तर भुर्दंड रयतेला. त्यावर दाद कुठे मागणार? बट्टा पुढे जादा पट्टीच होऊन बसला, तो उगीच नाही.

टाकसाळीही मक्त्याच्या. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठेशाहीतल्या चलनावर लिहिताना नागोठण्याच्या बाळाजी बापूजीला १७४४ साली तांब्याची नाणी पाडायला मिळालेल्या परवान्याची नोंद दिली आहे. म्हणजे आजच्या रायगडातच, कर्जत-खालापूरच्या दक्षिणेला, पैसा पाडणारा खाजगी माणूस होता. नाणे पाडणारे इतके, तेव्हा पारखणाऱ्याला मरण नव्हते.

पारख्यावरचा संशय मात्र पेशवाईच्या कितीतरी आधीचा. कौटिल्याने या अधिकाऱ्याला रूपदर्शक म्हटले आहे आणि परीक्षेची फी लावली आहे ती शेकडा अष्टमांश. पुढचे कलम मला जास्त आवडते: चालणारे नाणे जो नाकारील आणि न चालणारे जो चालवून घेईल, दोघांना दंड सारखाच, १२ पण. पारख्या दोन्हीकडे झुकू शकतो हे या माणसाला पक्के ठाऊक होते.

१८३५ साली कंपनीने १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा एकच रुपया आणला आणि साऱ्याच्या हिशेबातला पोतदार हळूहळू संपला. आडनाव तेवढे राहिले.

पारख परत आली ती संग्राहकांच्या दारातून, आणि तीही अमेरिकेतून. १९४९ साली विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणांची मोजपट्टी काढली. सत्तरच का? कारण ती मुळात किमतीची पट्टी होती. जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटाला एक डॉलर, तर निर्दोष सेंटाला सत्तर. भाव काही वर्षांतच बदलले, हिशेब मोडला, आकडा मात्र जगभर चिकटला. निःपक्षपाती म्हणवणाऱ्या या मोजपट्टीचे मूळच बाजारभावात आहे. आणखी एक, चहाटळकी वाटली तरी सांगतो: अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून तिथे हलके ठेवण्याचा उद्योग याच शेल्डनने केल्याचे त्याच्या मागे उघड झाले.

याच मोजपट्टीवर नाण्यांना गुण देणाऱ्या अमेरिकन कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ साली आणि एनजीसी १९८७ साली सुरू झाली, दोन्ही नाण्यांच्या व्यापाऱ्यांनीच काढलेल्या. मालक कोण हे न कळता दोन-तीन पारखी नाणे स्वतंत्रपणे पाहतात, मग अंतिम गुण ठरतो आणि नाणे प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होते. एनजीसीने आपल्या पारख्यांना नाण्यांच्या व्यापाराची बंदीच घातली. पोतदाराच्या बैठकीपेक्षा ही व्यवस्था शंभर पटीने बरी.

तरी कल उरतोच, आणि तो कोणी बेइमान नसतानाही. ६४ गुणांचे नाणे ६५ झाले की काही नाण्यांची किंमत कितीतरी पटींनी वाढते. मग मालक डबी फोडतो आणि तेच नाणे पुन्हा पाठवतो. दोन अनुभवी डोळ्यांत एका गुणाचा फरक पडणे साहजिक आहे. पण खाली आलेला निकाल कोणी जपून ठेवत नाही, वर गेलेला बाजारात मिरवतो. फेऱ्या होत राहतात तसे गुण फुगतात. २००७ साली सीएसी नावाची संस्था निघाली ती डबीबंद नाण्यांची पुन्हा पारख करायला. पारख्यांवर पारखी!

आपल्याकडे हा खेळ आदळतो तो लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर. कर्जतकडच्या घरांत राणीछाप रुपया असतोच, ११.६६ ग्रॅमचा. दरवर्षी आई-आजी तो रांगोळीने घासून लख्ख करतात. पारख्या भिंगाखाली बघतो ती राणीच्या गालावरची आणि कानावरच्या केसांची झीज, आणि मुख्य म्हणजे मूळ टाकसाळी तेज. घासलेल्या रुपयावर तेज नसते, बारीक समांतर ओरखडे असतात. माळेसाठी वर कडी डागलेली असली तर प्रश्नच मिटला. असे नाणे बहुधा गुण न मिळता ‘साफ केलेले’, ‘इजा झालेले’ अशा शेऱ्यासह परत येते. सराफाच्या ठशाचीही तीच गत. जो ठसा एकेकाळी रुपया खरा असल्याची ग्वाही होता, तो आज दोषांत मोजला जातो.

फीचे म्हणाल तर महागड्या नाण्यांवर या कंपन्या आजही नाण्याच्या किमतीचा टक्का लावतात. भाव ठरणार गुणांवर, गुण देणार तेच. कौटिल्याची फीही शेकड्यावरच होती. पण त्याने तिच्या जोडीला १२ पणांचा दंड लिहून ठेवला होता.