दारावरच्या जाहीरनाम्याची कुळकथा

जळगाव जामोद तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून. इथला एखादा आरोपी फरार झाला आणि वॉरंट बजावता आलं नाही, की कोर्टाच्या हुकमानं त्याच्या दारावर कागद डकवला जातो: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी हजर व्हा.

हा जाहीरनामा जुना आहे. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 87 सांगे, तो गावात ठळक जागी मोठ्यानं वाचा, राहत्या घरावर लावा, एक प्रत कोर्टाच्या इमारतीवर लावा आणि हजर व्हायला किमान 30 दिवस द्या. तरीही आरोपी आला नाही तर मालमत्तेवर जप्ती यायची, पण मूळ गुन्ह्याची शिक्षा नाही. कलम 512 नुसार साक्षी तेवढ्या नोंदवून ठेवत. 1973 च्या संहितेत ही कलमं 82 आणि 299 झाली.

1 जुलै 2024 पासून चित्र पालटलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 356 नुसार, 10 वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फरार घोषित झालेल्यावर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून शिक्षा देता येते. त्याआधी दोन वॉरंट, वर्तमानपत्रात नोटीस, नातेवाईक वा मित्राला कळवणं, घरावर आणि पोलीस ठाण्यात सूचना. दोषारोप ठेवल्यावर 90 दिवसांची वाट. वकील नसेल तर तो सरकारी खर्चानं. अपील मात्र स्वतः हजर झाल्यावरच, तेही तीन वर्षांच्या आत.

असा शिक्षा झालेला माणूस ब्रिटनमध्ये सापडला तर तिथला 2003 चा प्रत्यार्पण कायदा विचारतो: तो मुद्दाम गैरहजर राहिला का? नसेल तर परत नेल्यावर नव्यानं खटला, किंवा त्याच तोडीची अपिलातली फेरतपासणी मिळेल का? दोन्हींचं उत्तर नकारार्थी आलं, तर त्याला सोडावंच लागतं. 6 मार्च 2024 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं इटलीनं मागितलेल्या एका माणसाचं अपील मान्य केलं. तपास चालू असल्याचं त्याला ठाऊक होतं, पण खटल्याची तारीख आणि ठिकाण त्याला कळवलेलं नव्हतं.

आपल्या कलम 356 मध्ये नव्यानं खटल्याची हमी नाही. म्हणून आरोपी मुद्दाम गैरहजर राहिला हे दाखवण्याचा मोठा भार जाहीरनाम्यावर येतो. तो खरोखर लावला, खरोखर वाचला आणि पंचांच्या डोळ्यांदेखत पंचनामा झाला, तरच ती शिक्षा परक्या कोर्टातही टिकण्याची आशा. शिवाय ज्याला काहीच कळलं नाही, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला दोषी ठरवणं आपल्याच न्यायबुद्धीला पटू नये.