आधी नोंदणी, मग वाघीण

ही आपल्या ताज्या भागाची लिखित प्रत. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' मी बरेच काढलेत, सगळे नाही.

आजचा विषय मॉडेल रेल्वेचे डबे, खास करून मालगाडीच्या वाघिणी. त्यातही एकच गोष्ट: हे डबे आजकाल दुकानात जाऊन विकत घेता येत नाहीत. कंपनी आधी चित्र दाखवते, मुदत सांगते, नोंदणी घेते. मग दीड-दोन वर्षांनी डबा येतो. कधी तीन वर्षं. मुदत हुकली तर नंतर कुणीतरी विकायला काढेपर्यंत वाट बघायची, आणि तो सांगेल ती किंमत द्यायची.

मी महागावचा, जिल्हा यवतमाळ. गावात रेल्वे स्टेशन नाही. बी.टेक. झालो, सॉफ्टवेअरमध्ये लागलो, आणि पहिल्या पगारानंतर या नादाला लागलो. माझ्या कपाटात एचओ मापाचे अकरा डबे आहेत. अमेरिकन, जर्मन, एक स्विस. भारतीय एकही नाही. असं का, हे शोधायला गेलो तर गोष्ट पार बार्शीपर्यंत पोहोचली.

आधी थोडा इतिहास. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबीने 1920 मध्ये चावीवर चालणारी आपली पहिली आगगाडी बाजारात आणली. तेव्हापासून पुढची कित्येक दशकं पद्धत साधी होती. कंपनी माल बनवून ठेवायची, दुकानदार फळीवर मांडायचा, बाप पोराला घेऊन जायचा. अमेरिकेत अ‍ॅथर्न कंपनीची निळ्या खोक्यातली किट प्रसिद्ध होती. वर्षानुवर्षं तीच वाघीण, त्याच खोक्यात. संपली की परत यायची. तपशील जेमतेम, पण भाव परवडणारा.

दुसरी परंपरा पितळेची. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या छोट्या कारखान्यांत कारागीर हाताने पितळी इंजिनं जोडायचे आणि अमेरिकन आयातदार ती घेऊन जायचे. एका मॉडेलचे काहीशे नग, की झालं. पुढे हे काम कोरियात गेलं. 'मर्यादित आवृत्ती' ही कल्पना या छंदात मुरली ती इथून. फक्त ती श्रीमंतांची होती.

साध्या प्लास्टिकच्या डब्याला ती लागू झाली चीनमुळे. 1980 च्या दशकात हाँगकाँगच्या काडर समूहाने फिलाडेल्फियाची जुनी बाखमन कंपनी ताब्यात घेतली. 1990 च्या दशकाच्या शेवटी हॉर्नबीने मार्गेटचं उत्पादन चीनला हलवलं. तिथली मजुरी स्वस्त, म्हणून डब्यावर बारीक शिड्या, ब्रेकच्या नळ्या, अक्षरं वाचता येतील अशी छपाई, हे सगळं परवडायला लागलं. पण कारखाना आता कंपनीचा राहिला नाही. सांडा कान नावाचा एकच कारखाना कितीतरी ब्रँडचा माल बनवायचा. तिथे तुमचा नंबर लागला की तुमचे डबे बनणार, मग मशीन दुसऱ्याच्या मालाला. 2008 मध्ये काडरने सांडा कानच विकत घेतला आणि पुढच्या काही वर्षांत बऱ्याच ब्रँडना नवा कारखाना शोधत फिरावं लागलं. अशा परिस्थितीत कोण माल बनवून गोदामात ठेवेल? कॅनडाच्या रॅपिडोसारख्या कंपन्यांनी मग सरळ हाच रस्ता धरला: घोषणा, नोंदणीची अंतिम तारीख, आणि जेवढी मागणी जवळपास तेवढंच उत्पादन. काही दुकानं आगाऊ पैसे घेतात, काही नुसतं नाव लिहून घेतात.

यामागचं गणित सोपं आहे. खर्च असतो तो पोलादी साच्याचा, ज्याला आपल्याकडे कारखान्यात डाय म्हणतात. समजा (हा आकडा माझ्या मनाचा) एका वाघिणीच्या डायला 40 लाख लागले. 5,000 नग विकले तर नगामागे 800 रुपये. 500 विकले तर 8,000. प्लास्टिक तेवढंच, रंग तेवढाच. म्हणून एकदा डाय झाली की कंपनी तीच वाघीण दहा रेल्वे कंपन्यांच्या रंगांत काढते, आणि प्रत्येक रंगात तीन-चार वेगवेगळे गाडी क्रमांक छापते, म्हणजे हौशी माणूस चारही घेतो. (घेतो. मी ओळखतो अशांना.)

मराठी वाचकाला यात नवीन काही वाटू नये. प्रकाशनपूर्व सवलत आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढायचा ठरवला तेव्हा आधी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले आणि मग 23 खंड पुरे केले. घेणारे आधी मोजायचे, छापायचं नंतर.

आता भारतीय डबा का नाही, ते. पहिली अडचण रुंदीची. एचओ म्हणजे 1:87 प्रमाण, आणि त्याचा रूळ 16.5 मिलिमीटर, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजवरून काढलाय. आपलं ब्रॉडगेज 1676. त्याला 87 ने भागा, 19 च्या वर जातं. म्हणजे आपला डबा प्रमाणात बनवला तर बाजारातल्या रुळावर बसत नाही, आणि बसवला तर प्रमाणात राहत नाही. दुसरी अडचण पैशाची. खेळण्यांवरची आयात ड्यूटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. देशी उत्पादकांना संरक्षण हा हेतू, आणि तो मला पटतोही. पण स्केल मॉडेलही त्याच गटात मोडतं. त्यामुळे इथला हौशी माणूस नोंदणीच करत नाही, आणि नोंदणीच्या यादीत भारत दिसत नाही. यादीत दिसत नाही त्याची डाय कोण बनवणार?

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे. बघितलं नसेल तर जरूर बघा. एका माणसाने आयुष्यभर जमवलेल्या गाड्या, सिग्नल, अख्खं शहर. तिथेही धावणाऱ्या गाड्या बहुतेक युरोपच्या, कारण मिळायच्या त्याच.

इथे बार्शी येते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली आणि 1897 मध्ये नॅरोगेज गाडी सुरू केली. रुळांची रुंदी 762 मिलिमीटर. हा माणूस वाघिणींच्या बाबतीत वेडा होता, चांगल्या अर्थाने. त्याचा नियम असा: इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. म्हणजे हलका रूळ चालतो, आणि सगळी गाडी भार सारखा वाटून घेते. त्यासाठी दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीच्या, 25 फुटी, बोगीवरच्या वाघिणी त्याने बनवून घेतल्या आणि लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या. पुढे ही रेल्वे लातूर ते मिरज अशी 325 किलोमीटर झाली. पंढरीच्या कित्येक वारकऱ्यांनी तिने प्रवास केला.

हाच कॅलथ्रॉप मग इंग्लंडमध्ये गेला आणि त्याच मापाची लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन केली. लांबी जेमतेम 13 किलोमीटर. 1904 ला सुरू, 1934 ला बंद. तीस वर्षं. तिथली वस्ती विरळ, माल म्हणजे मुख्यतः दूध. पण तिच्या इंजिन-डब्यांची किट निघालीत, लोकांनी घरोघरी तिची स्टेशनं उभारलीत. बार्शीची कारखान्यात बनलेली वाघीण मला आजवर कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडलेली नाही. थोरली उपाशी, धाकटी तुपाशी.

आणि आमची शकुंतला. किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडच्या कापसासाठी उभी केलेली. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, 76 किलोमीटर. दुसरा दारव्ह्यावरून यवतमाळला, 113. कापूस मँचेस्टरकडे जायचा आणि इंजिन मँचेस्टरहून आलं, 1921 चं. ते 1994 पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. माझे आजोबा दारव्ह्याला तिच्यात बसायचे. त्यांच्या आठवणीत गाडीपेक्षा कापसाच्या गाठीच जास्त. आता ब्रॉडगेज करायचं ठरलंय, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड नव्या लाइनचा वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरूही झाला. चांगलं आहे. आमच्याकडच्या माणसाला वेळेवर पोचवणारी गाडी हवी, हळहळ नको. पण जुने डबे गंजतात, भंगारात जातात, आणि त्यांच्यासोबत त्यांची मापंही.

गंमत बघा. 762 ला 87 ने भागा: 8.76. बाजारात 9 मिलिमीटरचा रूळ सर्रास मिळतो, आणि युरोपातले नॅरोगेजवाले एचओ डबे त्याच्यावरच चालवतात. म्हणजे जी अडचण ब्रॉडगेजला आहे ती शकुंतलेला नाहीच. आणि थ्रीडी प्रिंटरला डाय लागत नाही. पाचशे माणसं जमवायची गरज उरली नाही, वीस पुरतात. पुण्यात आम्ही चौघं आहोत, नागपुरात दोन. बाकीचे मिळतील.

मिळत नाही ते ड्रॉइंग. वाघिणीची लांबी, दोन बोगींमधलं अंतर, दाराची रुंदी, रुळापासून छपरापर्यंतची उंची. एवढं असलं तरी मी संगणकावर सांगाडा उभा करू शकतो. तेव्हा मूर्तिजापूर, दारव्हा, यवतमाळ, अचलपूर, आणि बार्शी-कुर्डुवाडीकडच्या श्रोत्यांनो, घरात कुणी रेल्वेत असेल तर जुन्या ट्रंका एकदा उघडून बघा. ड्रॉइंग नसेल तर फोटो चालेल. डब्याच्या अगदी समोरून, सरळ काढलेला, आणि डब्याला टेकून कुणीतरी उभं असलेला. त्या माणसाची उंची घरच्यांना आठवत असली की बाकीची मापं आम्ही काढतो.