शहराचे पुरे

शहराचा इतिहास सांगताना आपण बहुधा राजांपासून आरंभ करतो. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली. त्याचा मुलगा फत्तेखान याच्या नावाने ती फतेहनगर झाली. औरंगजेबाने १६५३ साली तिला औरंगाबाद हे नाव दिले. आणि २०२३ साली हे शहर छत्रपती संभाजीनगर झाले. हा क्रम शाळकरी मुलासही पाठ असतो. परंतु मुख्य गावाच्या भोवती जे पुरे वसले, त्यांचा विचार आपण क्वचितच करतो. या शहराचे पुरे बावन्न, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यांतील थोड्यांची ओळख येथे करून घेऊ.

पुरा म्हणजे मूळची छावणी होय. मोगल सरदार दक्षिणेत येई तो एकटा येत नसे. त्याच्यामागून घोडे, उंट आणि तंबू येत. लोहार, मोची, विणकर, माळी, भिस्ती येत. तळ वर्षानुवर्षे उठला नाही, म्हणजे तेथे विहीर खणली जाई, बाजार भरे, देऊळ किंवा मशीद उभी राही, आणि तळाचा पुरा होई. पुरंदरचा तह करणाऱ्या मिर्झाराजे जयसिंगाचा जयसिंगपुरा, जोधपूरच्या जसवंतसिंगाचा जसवंतपुरा, बिकानेरच्या करणसिंगाचा करणपुरा आणि त्याचा पुत्र पदमसिंग याचा पदमपुरा ही त्याचीच उदाहरणे.

यांपैकी जयसिंग १६६७ साली बऱ्हाणपुरास वारला, जसवंतसिंग १६७८ साली खैबरच्या तोंडाशी जमरूद येथे. करणसिंगाने मात्र १६६९ साली औरंगाबादेतच देह ठेवला. त्याच्या घराण्याचा येथील जमिनीवरील हक्क पुढे दोनशेहून अधिक वर्षे टिकला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी संपला. आज बिकानेरच्या राजाची आठवण करणपुऱ्यात कोण काढतो? पण नवरात्रात देवीच्या यात्रेस पहाटेपासून गावोगावची माणसे पायी येतात, आणि येताना करणसिंगाचे नाव नकळत उच्चारून जातात.

खाम नदीपलीकडच्या बेगमपुऱ्याची कथा आणखी बोलकी आहे. दिलरस बानू बेगमेचा मकबरा १६६० च्या सुमारास येथे उभा राहिला. परदेशचा प्रवासी तो पाहून परत जातो. थत्ते हौदाकडे तो वळत नाही. मात्र पुरा जगला तो पाण्यावर. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून नहरीने खेळवीत आणीत आणि वाटेत उंच मनोरे बांधून त्याचा जोर राखीत. पाणचक्कीचे जाते अशाच नहरीच्या पाण्यावर फिरे आणि दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांचे व वाटसरूंचे पीठ दळी.

१७६३ साली निजामाने राजधानी हैदराबादेस नेली. सरदार गेले, त्यांच्यामागोमाग पैसा गेला. १९०१ च्या शिरगणतीत छावणी धरूनही येथे सुमारे सदतीस हजार माणसे भरली. कित्येक पुरे ओस पडले. जे टिकले ते कोणामुळे? ज्यांना हैदराबादेचे बोलावणे नव्हते अशा माळ्यांमुळे, विणकरांमुळे, लहान दुकानदारांमुळे. नाव सरदाराचे, पण पुरा राखला तो त्यांनी.

२०११ साली शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात गेली. पुरे आता उपनगरे राहिली नाहीत. शहराने त्यांना पोटात घेतले आहे. १९५८ साली स्थापन झालेले विद्यापीठ बेगमपुऱ्याच्या शेजारी उभे आहे. तेथील विद्यार्थ्यांनी, आणि आपणही, एकेका पुऱ्यातील वृद्धांकडे बसून नहरीची वाट, विहिरींची नावे, घराण्यांचे धंदे लिहून ठेवावेत. राजांची चरित्रे लिहिण्यास बखरकार होते. भिस्त्याची आणि माळ्याची हकीकत त्यांच्या नातवंडांच्या तोंडीच आहे, आणि ती विचारण्यास फार दिवस उरलेले नाहीत.