चेक–पोलिश अनुवादाचं कूळ

चेक साहित्य पोलिश भाषेत आणण्याच्या परंपरेचं मूळ शोधत गेलं की आपण पंधराव्या शतकाच्या मध्यावर, राणी झोफियाच्या दरबारी पोचतो. पोलंडचा राजा यागिएवो याची ही चौथी राणी. राजाच्या पश्चात तिनं बायबल पोलिशमध्ये करवून घेतलं. 1455 च्या सुमारास ते तडीस गेलं. अनुवादक म्हणून तिचा धर्मगुरू, याशोवित्सेचा आंजेई, याचं नाव सांगतात. जुन्या कराराचा पोलिशमधला हा सर्वांत जुना ज्ञात अनुवाद.

लॅटिन बायबल हाताशी असूनही मुख्य आधार घेतला तो चेक बायबलचा. चेकमध्ये संपूर्ण बायबल चौदाव्या शतकातच उतरलं होतं. शिवाय नातं त्याहून जुनं. 965 मध्ये चेक राजकन्या दोब्रावा लग्न होऊन पोलंडचा शासक मिएश्को याच्या घरी आली, पुढच्या वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला, आणि पोलंडमधल्या नव्या धर्माची बरीचशी शब्दसंपत्ती चेकमार्गेच आली.

तरीही ही निवड सोपी नव्हती. चेक धर्मसुधारक यान हुस याच्या अनुयायांमुळे चेक धर्मग्रंथांकडे तेव्हा संशयानं पाहिलं जाई. खुद्द यागिएवोनंच 1424 मध्ये व्येलुन्य इथं हुसपंथीयांविरुद्ध कडक फर्मान काढलं होतं. त्याच राजाच्या विधवेनं तीसेक वर्षांनी चेक पोथीवरून बायबल करवून घ्यावं, हे मला मोठ्या धैर्याचं वाटतं.

या अनुवादात चेक शब्द आणि चेक रूपं जागोजागी तशीच राहिली आहेत. जवळच्या भाषेतून अनुवाद करणाऱ्याची खरी अडचण इथंच असते. वाक्य आधीच निम्मं झाल्यासारखं वाटतं. शब्द ओळखीचा दिसतो, म्हणून लेखणी थांबत नाही. पण पोलिश गद्य अजून घडत होतं, त्या काळात या उसनवारीनं त्याला बळच दिलं. पुढं मात्र तिची फॅशन झाली. 1566 मध्ये वुकाश गुर्नित्स्कीनं आपल्या ‘द्वोझानिन पोल्स्की’त पोलिश बोलताना उगाच परके शब्द पेरणाऱ्या दरबाऱ्यांना खडसावलं, आणि त्यात चेकही आलं.

राणीच्या पोथीचा पहिला खंड हंगेरीतल्या शारोशपातक इथल्या विद्यालयात राहिला. दुसऱ्याची पानं सुटी झाली. त्यांतली काही इतर पुस्तकांच्या बांधणीत सापडली. पहिला खंड दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झाला. 1930 मध्ये त्याची छायाप्रत निघाली होती, म्हणून तो आज वाचता येतो. सर्वांत जुन्या चेक बायबलची पोथी तर 1914 मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या लूव्हाँच्या आगीत जळाली.

छायाप्रत निघाली त्याच सुमारास चेक कादंबरीकार यारोस्लाव हाशेकचा ‘श्वेइक’ पोलिशमध्ये अवतरला. अनुवादक पावेव हुल्का-लास्कोव्स्की हा झिरार्दूव या गिरणीगावातला, धर्मासाठी देशोधडीला लागलेल्या चेक प्रोटेस्टंटांचा वंशज. प्रागच्या दारूगुत्त्यांतली रांगडी बोली त्यानं पोलिशमध्ये काहीशी सौम्य केली, हा आक्षेप रास्त आहे. त्यानंतर युझेफ वाच्कूव आणि 2009 मध्ये आंतोनी क्रोह यांनी ‘श्वेइक’ पुन्हा अनुवादला. क्रोहचा अनुवाद मूळच्या बोलीशी अधिक इमान राखतो. पण पोलिश वाचकांच्या कित्येक पिढ्या हुल्का-लास्कोव्स्कीच्याच श्वेइकवर हसत वाढल्या, आणि नव्या अनुवादकांना हाशेकइतकाच त्याच्याशीही सामना करावा लागला.